दाव्याचा वळ

धनश्रीच्या पायात मोजे होते. देवकाबाईच्या डोळ्यात पहिल्यांदा तेच भरलं.

दिवाळी होऊन गेली होती, पण दुपारचं ऊन अजून चटके देत होतं. पऱ्हाटीत वाकून वाकून देवकाबाईची कंबर धरली होती. घोट पाणी प्यावं म्हणून ती उभी राहिली, तर धुऱ्याच्या पलीकडं गजेंद्रच्या वावरात ती आठ वर्षांची पोर कापूस वेचताना दिसली. अंगात मामीचं जुनं पोलकं, कमरेला फडकं, आणि पायात गड्यामाणसाचे काळे लोकरी मोजे, घोट्यांच्या वर सुतळीनं बांधलेले. चप्पल नव्हती. मोज्यांना गोखरू चिकटलं होतं आणि पोर एक पाय टाकताना दुसरा आवरत होती.

गजेंद्र म्हणजे देवकाबाईच्या नवऱ्याचा, भैय्याजीचा, चुलत भाऊ. धनश्री त्याच्या मेलेल्या बहिणीची पोर. बाप कामाला म्हणून नागपूरकडं गेला तो तिकडचाच झाला. तेव्हा गजेंद्रनं पोरीला घरी आणलं आणि गावानं त्याचं नाव काढलं. माणूसही तसा नाव काढण्यासारखाच होता. देवळाच्या भंडाऱ्यात हातात बादली घेऊन पंगतीतून फिरायचा, कोणाचा बैल बसला तर पहिला धावायचा. फक्त भैय्याजीशी त्याचं जमत नव्हतं. दोन वावरांमधला धुरा कोणी कोणाकडं सरकवला, यावरून तीन उन्हाळे झाले बोलणं बंद होतं. तहसिलीत सीमांकनाचा अर्ज पडला होता. धुऱ्यापलीकडं पाय टाकायचा नाही, असं भैय्याजीनं घरात बजावून ठेवलं होतं.

देवकाबाईनं इकडंतिकडं पाहिलं आणि पाय टाकला.

"काटा रुतला का वो?"

पोरीनं मान हलवली. नाही.

"मंग लंगडून काहून राह्यली? बस. पाहू दे."

पोर बसली नाही. देवकाबाईनं तिला धरून खाली बसवलं आणि सुतळी सोडली. मोजा सरळ निघेना. लोकर कातडीला चिकटली होती. शेवटी तिनं पिण्याचं पाणी ओतून तो भिजवला आणि हळूहळू खाली ओढला. घोट्याभोवती गोल वळ होता. जुना, काळा पडलेला. त्याच्यावर नवा, ओला. दुसऱ्या पायाचा मोजा तिनं काढला नाही. नुसतं बोटांनी चाचपलं, तर पोरीनं श्वास आत ओढला.

"हे काय व्हय?"

"दावं लागलं."

"कोणाचं दावं?"

"लाल गाईचं."

"गाईचं दावं तुया पायाले कसं लागन, माय?"

धनश्रीनं मोजा वर ओढला, सुतळीचे दोन वेढे घेतले आणि गाठ मारली. सराईत गाठ, रोज वेणी घालणारी पोर रिबिनीला मारते तशी. मग खाली बघतच म्हणाली, "मोठीमामी, मामीले नोका सांगू. मी आता भाकर नाही घेत."

देवकाबाईचं पाणी पिणं राहून गेलं.

संध्याकाळी भैय्याजी हौदावर हातपाय धुत होता. तिनं सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला, पायावरचा चिखल दगडानं घासत राहिला.

"तू धुऱ्याच्या तिकडं गेली होती?"

"म्या काय सांगून राह्यली, अन् तुमी काय इचारून राह्यले!"

"आयकलं म्या." त्यानं दगड बाजूला ठेवला. "पण तू तोंड उघडलं, तं लोक काय म्हणतीन? भैय्याजीच्या बायकोनं धुऱ्यासाठी कुभांड रचलं. सीमांकन होऊन जाऊ दे. मंग पाहू."

"तवरिक?"

भैय्याजीनं पुन्हा दगड उचलला. त्यांचा मुलगा वीरेंद्र कापसाची गाठोडी आत टाकत होता, तो म्हणाला, "माय, त्यायच्या घरचं हाय. आपल्याले काय करा लागते?"

दुसऱ्या दिवशी देवकाबाई विरजण मागायच्या निमित्तानं गजेंद्रच्या घरी गेली. तीन वर्षांत पहिल्यांदा. गजेंद्रची बायको अर्चना आत वाटी आणायला गेली, तेवढ्यात ती गुरांच्या कोठ्याच्या दाराशी जाऊन उभी राहिली. लाल गाय निळ्या नायलॉनच्या दोरानं बांधलेली होती. कोठ्याच्या पार टोकाच्या खांबाला, अगदी खाली, जुनं सुती दावं होतं. त्याच्यापुढं फाटकं पोतं अंथरलेलं, पोत्याजवळ जर्मनची ताटली पालथी. दाव्याचा फास लहान होता. गाईच्या मानेत जाणार नाही असा.

"काय पाहून राह्यल्या, बाई?" अर्चना वाटी घेऊन मागं उभी होती.

"गाय याली नाही का अजून, म्हटलं."

"तिले टाइम हाय." अर्चनानं वाटी हातात दिली, आणि देवकाबाई अंगणाबाहेर पडेपर्यंत ती तिथून हलली नाही.

शाळेच्या भिंतीवर लहान पोरांच्या मदतीचा नंबर रंगवलेला होता, १०९८. गावातली सगळी माणसं त्या भिंतीला सायकली टेकवायची. बाजाराच्या दिवशी देवकाबाई पांढुर्ण्याला गेली. संत्र्याच्या मंडीबाहेर ट्रक लागले होते, हमाल ओरडत होते. त्या गोंगाटात एका लिंबाखाली उभी राहून तिनं नंबर लावला. कानाला लावलेल्या फोनवर पदर धरला होता, जणू तोंड दिसलं तर आवाज ओळखू येईल.

पलीकडून एक बाई बोलली. गाव विचारलं, पोरीचं वय विचारलं, काय पाहिलं ते विचारलं. मग देवकाबाईच म्हणाली, "पण बाई, मले पक्कं नाही माहीत. डोयानं बांधताना म्या कोणाले पाह्यलं नाही. मले संशय हाय."

"संशयच सांगायचा असतो, ताई. खात्री करायचं काम आमचं. तुमचं नाव सांगायचं नसेल तर राहू द्या."

तिनं राहू दिलं.

गाडी दुसऱ्याच दिवशी आली. वावर गावाला लागूनच होतं, देवकाबाई तिथून पाहत होती. पांढरी गाडी गजेंद्रच्या दारात थांबली. एक पोलीसबाई उतरली, तिच्यामागं खांद्याला पिशवी लावलेली एक तरुण बाई. ती हिमानी, जिल्ह्याच्या बालसंरक्षणाच्या कचेरीतली. थोड्या वेळानं धनश्री दोघींच्या मधून चालत बाहेर आली. मोजे तसेच होते. गाडीत चढताना पाय वर उचलेना, तेव्हा पोलीसबाईनं तिला काखेत धरून आत ठेवलं. गजेंद्र हात जोडून काहीतरी बोलत होता, आणि गल्लीतल्या बायका दारादारांत उभ्या होत्या.

आणि नेमकं तेव्हा देवकाबाईच्या पोटात काहीतरी गोड हललं. गजेंद्रची मान खाली गेलेली तिनं तीन वर्षांत पाहिली नव्हती. ती लगेच वाकली आणि बोंडं ओरबाडून काढू लागली. बोटांना टरफलं टोचली तरी थांबली नाही.

पोरीला दवाखान्यात नेलं, मग बाल समितीपुढं नेलं. गजेंद्र-अर्चनावर थाण्यात गुन्हा लिहिला गेला. दोघं दोन दिवस चकरा मारून जामिनावर घरी परतले. खबर कोणी दिली ते कोणीच सांगितलं नाही, कायद्यानं सांगायचं नसतं. पण गावाला एक नाव लागतंच. ते नाव अश्विनीचं निघालं.

अश्विनी नवऱ्यानं सोडलेली मजूरबाई. सगळ्यांच्याच वावरात कापूस वेचायची. गजेंद्रच्या जागेवर, गावाबाहेर गुरं जमायच्या आखराला तिची झोपडी होती. दिवाळीआधी ती एकदा अर्चनाला म्हणाली होती, पोरीले डागदरले दाखवा म्हणून. एवढं पुरलं. गजेंद्रनं तिला कामावरून काढलं, मग दुसऱ्यांनीही काढलं. हातपंपावर पाणी भरून तिनं गुंड बाजूला ठेवला, तेव्हा अर्चनानं तो पायानं लोटला.

"ज्याच्या जाग्यावर राहाचं, त्याच्याच घरात पोलीस घालाचे! पाणी पाहिजे तुले?"

गुंड घरंगळत नालीत गेला. अश्विनी म्हणाली, "मी नाही केला हो फोन. पोराची आन हाय." बायका पाहत राहिल्या. देवकाबाई तिथंच होती, पंपाचा दांडा तिच्याच हातात होता. तिनं तो खाली दाबला, वर सोडला, खाली दाबला. तिचा हंडा भरून वाहू लागला तरी दाबत राहिली. अश्विनीनं नालीतून गुंड काढला, पदरानं पुसला आणि रिकामाच डोक्यावर ठेवून गेली.

त्या दिवशी देवकाबाईला भाकर गिळेना. दुसऱ्या सकाळी माहेरी जाऊन येते म्हणून ती निघाली आणि पांढुर्ण्याला हिमानीच्या कचेरीत जाऊन बसली.

"फोन म्या केला होता," ती म्हणाली. "पोरीचा."

हिमानीनं दार लोटून घेतलं आणि समोर खुर्ची ओढून बसली. "तुम्ही मला सांगितलंच पाहिजे असं काही नाही, काकू. तुमचं नाव आमच्याकडून बाहेर जाणार नाही."

"नाव झाकलं, त्यानंच घोळ झाला." तिनं अश्विनीचं सांगितलं. धुऱ्याचंही सांगितलं. मग हात मांडीवर घट्ट धरून विचारलं, "आता म्या सांगतलं का मीच केला, तं मले जेल होईन का? गजेंद्र म्हणून राह्यला, ज्यानं केलं त्याच्यावर बदनामीची केस टाकतो."

"टाकू शकतो. कोणालाही टाकता येते. टिकत नाही." हिमानी सावकाश बोलत होती. "खोटं आहे हे माहीत असून खबर दिली, तर तो गुन्हा. पण खरंच संशय आला, मनात खोट नाही, आणि तुम्ही योग्य माणसाला, म्हणजे आम्हाला किंवा पोलिसांना सांगितलं, तर ती बदनामी होत नाही. उद्या तुमचा संशय चुकीचा निघाला असता, तरी नाही."

"अन् धुरा?"

"त्यांचा वकील तेच विचारेल. वैर असलं म्हणून खबर खोटी होत नाही. पण तुम्ही वैर लपवलं, तर तुम्ही खोट्या दिसाल. आणखी एक ऐका. आम्हाला सांगितलं त्याला कायद्याचं कवच आहे. पारावर उभं राहून, अमक्यानं पोरीला बांधलं, असं म्हणाल, तर त्या बोलण्याला ते कवच नाही. जेवढं पाहिलं तेवढंच बोला. एक शब्द जास्त नको."

देवकाबाई उठली, दाराशी गेली आणि परत वळली. "बाई, तुमची गाडी आली ना, तवा मले बरं वाटलं होतं. पोरीसाठी नाही. त्याची मान खाली गेली म्हणून. हे मनातली खोट होय का?"

"फोन केला तेव्हा काय दिसत होतं डोळ्यापुढं?" हिमानीनं विचारलं.

"पाय."

"मग जा घरी."

गावात शिरली तेव्हा कोटवार दवंडी देत होता. दुसऱ्या दिवशी देवळापुढं बैठक. अश्विनीनं सगळ्यांपुढं माफी मागायची आणि आखर सोडायचं.

भैय्याजीला तिनं पांढुर्ण्याचं सांगितलं. तो खाटेवरून उठून बसला.

"कायदा तुले झाकून राह्यला ना?"

"हाव."

"तं झाकून राहाय. त्या अश्विनीले आपण मंग काही मदत करू. मागच्या दारानं. पण तू उभी राहू नोको. मी हात जोडतो तुले."

लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. त्यानं हात जोडलेले ती पहिल्यांदा पाहत होती. ती चुलीतली राख काढत बसली.

दिवस कलायला लागला होता. देवळापुढच्या फरसबंदीवर माणसं, बाजूला बायका. सरपंच वसंत मध्यभागी बसला होता. अश्विनी एकटी उभी होती, नजर जमिनीला. गजेंद्र शांत होता, त्याचा शांतपणाच सगळ्यांना पटत होता.

"मले कोणावर दावा नाही," तो म्हणाला. "बहिणीची लेक पोटच्या लेकरावाणी ठेवली. पोरीले झोपीत चालाची सवय हाय, त्यात लागलं पायाले. या बाईनं माफी मागावी, अन् जावं. बस."

"बोल वो," वसंत अश्विनीला म्हणाला.

अश्विनीचे ओठ हलले.

"तिनं नाही केला." देवकाबाई उभी राहिली होती. तिनं शेजारच्या खांबाला हात लावला. "फोन म्या केला."

क्षणभर कोणालाच कळलं नाही ती काय म्हणाली. मग एकदम कालवा झाला. भैय्याजी मागं उभा होता, त्यानं डोळे मिटले. गजेंद्र मात्र हसला.

"आयकलं का, पंच? धुरा! मी म्हणतच होतो का याच्यामांग काहीतरी हाय. नांगराच्या दोन तासांएवढ्या जमिनीसाठी भावाच्या घरात पोलीस घातले हिनं!" त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि तिच्यापुढं धरला. "बोला, वयनी. सगळ्याईपुढं बोला. पोरीले कोणं बांधलं? म्हणा, गजेंद्रनं बांधलं. म्हणा ना!"

मोबाइलचा काळा डोळा तिच्या तोंडाजवळ आला. म्हणावंसं तिला फार वाटलं. जिभेवर आलं होतं. कोठ्यातला खांब दिसत होता, पालथी ताटली दिसत होती. एक शब्द, आणि सगळ्या गावाच्या कानावर पडला असता.

"कोणं बांधलं हे म्या पाह्यलं नाही," ती म्हणाली. आवाज फाटला, म्हणून पुन्हा म्हणाली. "म्या पाय पाह्यले. दोन्ही घोट्याले वळ होते. जुन्यावर नवे. म्या नंबर लावून थेच सांगतलं, अन् माह्या मनात संशय आला हे सांगतलं. याच्या वर्ते म्या काई बोलली नाही, अन् आताबी बोलत नाही."

"धुऱ्याचा राग हाय का नाही? खरं सांगा!"

"हाय. धुऱ्याचा राग हाय. काल होता, आजबी हाय. पण पोरीच्या पायाले दावं धुऱ्यानं नाही बांधलं."

गजेंद्रनं मोबाइल खाली केला. त्याला हवं होतं ते त्यात आलं नव्हतं. "कोर्टात पाहू," तो म्हणाला आणि माणसं बाजूला करत निघून गेला. बैठक आपोआप मोडली. माफीचं कोणी काढलं नाही.

देवकाबाई अश्विनीजवळ गेली. अश्विनीनं तिच्याकडं पाहिलं, ते पाहणं तिला पंपावरच्या त्या दिवसापेक्षा जड गेलं.

"हंडा भरून राह्यल्या होत्या तुमी," अश्विनी म्हणाली. "तवा काहून नाही बोलल्या?"

दोन दिवसांनी अश्विनीनं आपणहून आखर सोडलं आणि पोराला घेऊन तिगावला भावाकडं गेली. जाताना ती देवकाबाईच्या दारावरूनच गेली, थांबली नाही.

त्यानंतरचं सगळं काम घरच्या हातांनीच काढलं. वेचायला बाया येईनात. सांगायला गेलं की कोणाच्या घरी पाहुणे, कोणाचं अंग दुखतंय. तिघंच उजाडायला वावरात जात. फुटलेला कापूस बोंडातून लोंबत होता, मातीला लागून पिवळा पडत होता. देवकाबाईच्या नखांच्या कडा फाटल्या. वावराला लागून त्यांची संत्र्याची बाग होती, तिथं फांद्यांना बांबूचे टेकू दिले होते. ज्यानं बाग पाहून ठेवली होती तो व्यापारी फिरकला नाही. फळं पिकून आपल्या वजनानं गळू लागली. सकाळी बागेत पाय टाकला की मऊ, गोड, कुजका वास. वीरेंद्र पडलेली फळं फावड्यानं खड्ड्यात लोटायचा आणि आईशी बोलायचा नाही. त्याच्यासाठी मोहगावकडची एक सोयरीक आली होती, तिकडून निरोप येणं बंद झालं.

भैय्याजीही बोलायचा नाही. फक्त सांजच्याला तिच्या पाठीवरचं गाठोडं न सांगता उतरवून घ्यायचा.

कोर्टाचा कागद आला. गजेंद्रनं बदनामीची फिर्याद लावली होती. ती दाखल करून घ्यायच्या आधी देवकाबाईनं येऊन आपलं म्हणणं सांगायचं होतं. कागद आला त्याच आठवड्यात सरपंच वसंत भैय्याजीला भेटायला बागेत आला. खाली बसून त्यानं एक संत्रं सोललं.

"भैय्याजी, घरातलं घरात मिटव. वयनीनं फक्त इतकंच लिहून द्यावं का माह्या समजण्यात चूक झाली. गजेंद्र फिर्याद उचलते. अन् धुऱ्याचं म्हणशीन तं धुरा तू म्हणतो तिथं. आजच दगड रोवू."

देवकाबाई झाडाआड टेकू बांधत होती. तिच्या हातातली दोरी थांबली. तीन वर्षं तिचा नवरा त्या धुऱ्यासाठी जळत होता. बाप मरताना त्याच्या कानात धुरा सांगून गेला होता. ती वाट पाहत राहिली. वसंतनं संत्र्याच्या फोडी भैय्याजीपुढं धरल्या.

"म्हणजे," भैय्याजी शेवटी म्हणाला, "धुरा माहाच होता, हे त्याले माहीत हाय?"

"तसं नाही रे..."

"नाही तं मंग तो देऊन काय राह्यला? अन् कायच्या बदल्यात देऊन राह्यला?" त्यानं फोडी घेतल्या नाहीत. "धुऱ्याचं सीमांकनवाला सांगन. पोरीचं डागदरनं लिहून ठेवलं हाय. माह्या बायकोची चूक झाली असती, तं तो धुरा सोडाले कायले आला असता? जाय, भाऊ."

वसंत गेल्यावर देवकाबाई जवळ आली, तर तो खाली पाहतच म्हणाला, "तारीख कधीची हाय? फटफटीत पेट्रोल टाका लागन."

कोर्टात सरकारी मदतीचा एक तरुण वकील मिळाला, पंकज नावाचा. त्यानं एकच विचारलं, बैठकीत काय बोललात ते शब्दाला शब्द सांगा. तिनं सांगितलं. त्यानं दोनदा ऐकलं आणि म्हणाला, "त्यांनी त्यांचंच रेकॉर्डिंग आणलंय. बरं झालं."

नाव पुकारलं तेव्हा देवकाबाईचा पदर खांद्यावर नीट बसेना. गजेंद्रचा वकील उंच आवाजाचा होता. दोन्ही घरांत जुनं वैर आहे, बाई सूडानं पेटलेली आहे, भल्या माणसाची अब्रू गेली, असं तो बोलत राहिला. मग पंकज उठला आणि ते रेकॉर्डिंग वाजवलं. तिचा फाटलेला आवाज त्या उंच छताच्या खोलीत घुमला. म्या पाय पाह्यले. देवकाबाईला तो स्वतःचा वाटला नाही. कोणीतरी म्हातारी बाई रडत असावी तसा वाटला.

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. "जमिनीचा वाद आहे तुमचा?"

"हो, साहेब."

"यांच्यावर राग आहे?"

पंकजनं मान किंचित हलवली, पण ती त्याच्याकडं पाहत नव्हती. "हाय. यायच्या दारात गाडी आली, तवा मले बरंबी वाटलं होतं. हे खोटं नाही सांगत. पण पोरीचे पाय पाह्यले नसते, तं म्या फोन नसता केला. अन् यायच्याशी गोडी असती अन् पाय पाह्यले असते, तं केला असता." तिनं पदर खांद्यावर घट्ट ओढला. "करा लागला असता."

निकाल त्याच दिवशी झाला नाही. पुढच्या तारखेला झाला. पंकजनं त्यांना वऱ्हांड्यात उभं करून सोप्या बोलीत सांगितला. चांगल्या हेतूनं, अधिकाऱ्याकडं, मनात आलेल्या खऱ्या संशयावरून दिलेली खबर बदनामी ठरत नाही. दवाखान्याच्या तपासणीत जखमा निघाल्याच आहेत. वैर आहे एवढ्यावरून हेतू वाईट ठरत नाही. फिर्याद फेटाळली. गजेंद्र आणि अर्चनावरचा खटला वेगळा, तो चालायचाच होता. त्यात देवकाबाईला साक्षीला यावं लागणार होतं. "वेळ लागेल," पंकज म्हणाला. "खूप वेळ लागेल."

सीमांकन झालं ते संक्रांतीनंतर. पटवारी साखळी ओढत धुऱ्यावरून चालला आणि त्याचा आकडा भैय्याजीच्या मनाजोगा आला नाही. नांगराच्या एका तासाएवढी जमीन गजेंद्रकडेच निघाली. भैय्याजीनं पुन्हा एकदा मोजायला लावलं. तेच आलं. त्यानं काही न बोलता आपण रोवलेले दगड पहारीनं उखडले आणि गजेंद्रच्या गड्यादेखत अलीकडं आणून रोवले. त्या दिवशी त्यानं भाकर खाल्ली नाही. पण मोजणीची गोष्ट बायकोला ऐकवून दाखवली नाही, तिच्या फोनशी जोडली नाही. देवकाबाईनं ते ध्यानात ठेवलं.

गावातल्या दोघी-तिघी वेचायला परत आल्या. बाकीच्या नाही आल्या. तिगावला जाऊन देवकाबाई अश्विनीच्या भावाच्या दारात एकदा बसून आली. अश्विनीनं पाणी दिलं. बोलली नाही, पण पाणी दिलं.

धनश्रीला समितीनं सौंसरला तिच्या आत्याकडं ठेवलं होतं. साक्ष व्हायची होती म्हणून देवकाबाईनं तिला भेटणं बरं नव्हतं, हिमानीनं तसं सांगितलं होतं. ती कशी आहे हे विचारलं की हिमानी फोनवर म्हणायची, बरी आहे. बरी म्हणजे काय, हे देवकाबाईला कळायचं नाही.

फाल्गुनात मृगबहाराची थोडी संत्री भैय्याजी आपल्याच गाडीत टाकून सौंसरला घेऊन गेला. दुपार टळल्यावर परतला. देवकाबाई पऱ्हाट्या उपटत होती, वाळक्या, कडक, हाताला ओरखडे काढणाऱ्या. तो बांधावर उभा राहिला.

"दिसली," तो म्हणाला.

तिनं हातातली पऱ्हाटी सोडली.

"शाळा सुटली होती. शाळेवरूनच रस्ता हाय. पोट्टियाईत होती. म्या गाडी थांबवली. म्हटलं, एक संत्रं द्यावं हाती. आपण बोलाचं नाही, नुसतं द्याचं." त्यानं टोपी काढून घाम पुसला. "तिनं मले पाह्यलं, अन् ओळखलं. तोंडच उतरलं तिचं. पळाली. थांब म्हणालो, तं आणखीनच पळाली."

त्याला ते लागलं होतं, आवाजात कळत होतं. आपण काय तिचं वाकडं केलं होतं, असं त्याला म्हणायचं असावं. पण गावातलं कोणतंही तोंड त्या पोरीला कसं दिसत असेल, हेही त्याला कळलं असावं.

"पळाली?" देवकाबाईनं विचारलं.

"हाव."

"जोरात?"

भैय्याजीनं तिच्याकडं पाहिलं. ती दोन्ही हात मातीनं भरलेली, वाट पाहत उभी होती.

"लय जोरात," तो म्हणाला. "धरता नसती आली."